जन्मवर्षाची कार्डं

आई नागपूरला गेली त्या वर्षी मी सहावीत होते. नुसतं ‘आई गेली’ म्हटलं की लोक चेहरे पाडतात, म्हणून गावाचं नाव आधीच सांगून टाकते. मामाचं लग्न होतं. दोन महिन्यांत ती परत येणार होती. माझी शाळा बुडायला नको म्हणून मला बाबांकडे ठेवलं होतं. विमानतळाच्या दारात गाडीतून उतरताना तिने आपला जाडा कोट काढला आणि मागच्या सीटवर ठेवला. ‘तिकडे काय करायचाय मेला,’ म्हणाली. पुढे कितीतरी आठवडे तो कोट गाडीत माझ्या शेजारी बसून असायचा. शेवटी बाबांनी तो कपाटात टांगला.

आम्ही अमेरिकेत नेपरव्हिलला राहत होतो. एकसारखी घरं, एकसारखे ड्राइव्हवे, आणि बर्फ पडला की आपलं घर कुठलं हे टपालपेटीवरच्या नंबरावरूनच ओळखायचं. बाबा पहाटे अंधारात स्टेशनवर जायचे, शिकागोची ट्रेन पकडायचे आणि अंधार पडल्यावरच परतायचे. मधला उजेड मी एकटीने वापरायचा. शाळेतून यायचं, दार आतून लावायचं, टीव्ही लावायचा. फोन वाजला तर ‘बाबा बाथरूममध्ये आहेत’ असं सांगायचं, कारण मूल घरात एकटं आहे हे कोणाला कळता कामा नये अशी सक्त ताकीद होती. त्या हिशेबाने बाबा दिवसचे दिवस बाथरूममध्येच असायचे. स्वयंपाकातलं त्यांना एकच येत होतं, मुगाची खिचडी. ती रोज असायची. एखाद्या दिवशी तिच्यात मटार पडले की तो आमचा सण.

दोन महिने झाले. आईने फोनवर सांगितलं की आजोबांना बरं नाही, थोडं थांबून येते. मग थंडी सरल्यावर येते म्हणाली. मी बोलायची बंद झाले. रुसून वगैरे नाही, बोलण्यासारखं काही उरलंच नाही. शाळेत बाईंनी विचारलं तर मान हलवायची, मुलींनी विचारलं तर खांदे उडवायचे. अमेरिकेत मूल गप्प बसलं की मोठ्या माणसांना धडकी भरते. आपल्याकडे त्याला शहाणं म्हणतात. शाळेतल्या कौन्सेलरबाईंनी बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलीबरोबर काहीतरी करा, तिला आवडेल असं, दर आठवड्याला, न चुकता.

बाबा इंजिनिअर. डॉक्टरने गोळ्यांचा कोर्स दिला तर शेवटची गोळी संपेपर्यंत घेणारा माणूस. त्यांनी शनिवारची सकाळ मुक्रर केली आणि मला समोर बसवून विचारलं, ‘तुला काय आवडतं?’ मला प्रश्नाचाच राग आला. माझ्या बापाला मला काय आवडतं हे विचारून घ्यावं लागतं! मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शनिवारी आम्हाला तसंही एकच काम असायचं. आई होती तोवर बाबांच्या शर्टांना ती इस्त्री करायची. आता ते शर्ट ड्रायक्लीनरकडे जायचे. त्याच्या शेजारी, डोनटच्या दुकानाला लागून, बेसबॉल कार्डांचं एक अरुंद दुकान होतं. शर्ट तयार नव्हते म्हणून आम्ही थंडीतून तिथे शिरलो, एवढंच. आत ऊब होती आणि जुन्या कागदाचा वास होता. सुट्टीत नागपूरला गेलो की आई मला तिच्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत घेऊन जायची, तिथे असा वास यायचा. मी म्हटलं, ‘हे.’ बाबांना हायसं वाटलं. औषध मिळालं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तळहाताएवढं, जाड कागदाचं कार्ड. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याने कुठल्या वर्षी कुठे खेळून काय केलं त्याचे तक्ते. च्युइंगमच्या पाकिटात ही कार्डं निघायची. एका कंपनीने एका वर्षात काढलेली सगळी कार्डं जमली की झाला सेट. मुलं ती रबरबँड लावून बुटांच्या खोक्यात ठेवायची, सायकलच्या काड्यांत अडकवून फटफट आवाज काढायची, आणि मुलगा कॉलेजला गेला की आई ते खोकं उचलून कचऱ्यात टाकायची. म्हणून जुनी कार्डं दुर्मीळ आणि महाग. दुकानाचा मालक हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तोंडात न पेटवलेला चिरूट ठेवून म्हणायचा, ‘थँक्स टू द मदर्स! आयांनी फेकून दिलं म्हणून माझं दुकान चालतं.’ लोक हसायचे. मी हसत नसे.

माझ्या वर्गातली मुलं नवीन कार्डं घ्यायची, चालू वर्षाची. आमच्या मालकाला ती आवडत नव्हती. तो म्हणाला, आता जो तो जपून ठेवतोय, म्हणजे कधीच कशाला किंमत येणार नाही. बाबांना हे फार पटलं. त्यांनी तिथेच ठरवलं की घ्यायचा तर जुना सेट. पण जुना, परवडणारा आणि पुरा होण्यासारखा. या तीन गोष्टी एका जागी सापडायला कितीतरी शनिवार गेले.

बाबांनी टोस्टर घेतानासुद्धा लायब्ररीत बसून मासिकांचे जुने अंक चाळले होते. कार्डांच्या बाबतीत तर विचारूच नका. कार्डांच्या किमतींचं मासिक आणलं, ते ट्रेनमध्ये वाचलं. पेन्सिलीने खुणा केल्या. खेळ त्यांना काडीचा कळत नव्हता. बेसबॉल म्हणजे क्रिकेटची आळशी भाची असं त्यांचं मत. पण खेळ न कळताही सेट निवडता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं निघालं.

पन्नाशीच्या दशकातले सेट पहिल्याच शनिवारी बाद झाले. त्यात एखाद्या पोरसवद्या खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड असायचं, तोच पुढे खेळातला देव झालेला, आणि त्या एका कार्डाची किंमत बाकीच्या सगळ्या सेटपेक्षा जास्त. ‘नाकापेक्षा मोती जड,’ बाबा म्हणाले आणि पुढच्या दशकावर गेले. साठीच्या सेटांत वेगळीच मेख होती. तेव्हा कार्डं एकदम निघत नसत, उन्हाळाभर हप्त्याहप्त्याने निघत. शेवटचा हप्ता दुकानात यायचा तोवर शाळा सुरू झालेल्या, पोरं फुटबॉलला लागलेली. वरातीमागून घोडं. ती कार्डं कोणी घेतलीच नाहीत, म्हणून फार कमी उरली, आणि आता तीच सर्वांत महाग. बाबा म्हणाले, असा सेट अर्ध्यावर गोड लागतो आणि शेवटी गळफास होतो.

एक सेट त्यांना मनापासून आवडला होता, ते अमेरिकेत शिकायला आले त्या वर्षाचा. काळ्या किनारीची कार्डं, देखणी. पण काळ्या किनारीला कुठे जरा धक्का लागला की आतला पांढरा कागद दिसतो, आणि कुठेच धक्का न लागलेलं कार्ड घ्यायची आमची ऐपत नव्हती. बाबांनी त्यातलं एक कार्ड बराच वेळ हातात धरलं. मग जपून परत ठेवलं.

शेवटी मालकच कंटाळून माझ्याकडे वळला. म्हणाला, ‘किडो, तुझा जन्म कधीचा?’ मी सांगितलं. त्याने मागच्या फळीवरून बुटांची खोकी काढली. माझ्या जन्मवर्षाचा सेट. तोवर कंपनीने हप्ते बंद करून सगळी कार्डं एकदम काढायला सुरुवात केली होती, म्हणजे शेवटच्या हप्त्याचा फास नाही. असा नवा देव त्या वर्षीच्या कार्डांत कोणी नव्हता, म्हणजे मोती नाही. सगळी साधी कार्डं, किरकोळ खेळाडूंची. मिशा वाढवलेले, गालात तंबाखू कोंबलेले, उन्हात डोळे बारीक केलेले बाप्ये. दुकानदारांच्या भाषेत त्यांना ‘कॉमन’ म्हणतात. चिल्लर भावात मिळायचे. ‘हौसेला मोल नाही म्हणतात,’ बाबा म्हणाले, ‘पण या हौसेला आहे, आणि ते आपल्याला झेपतं.’ पुष्कळ दिवसांनी ते स्वतःवर खूश दिसले.

मला खूश व्हायला वेगळं कारण होतं. त्यासाठी आईच्या वातींबद्दल सांगायला हवं.

लग्नाआधी आई नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नेपरव्हिलमध्ये तिला कोणी काही शिकवायला बोलावलं नाही. आधी व्हिसा आडवा आला, मग तिची पदवी कोणाला समजेना, मग ती विचारायचीच थांबली. त्यानंतरच्या हिवाळ्यात तिने लक्षवाती धरल्या. एक लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे जाळायच्या. औषधांच्या दुकानातून कापसाची गुंडाळी आणायची, खिडकीपाशी बसायचं आणि वळायचं. झालेल्या वातींची जुडी बांधून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. बाहेर बर्फ, आत टीव्ही बंद, आणि आईचा तळवा मांडीवर मागेपुढे. मी शाळेतून यायचे तेव्हा ती त्याच जागी असायची. एकदा सराव म्हणून तिने शेगडीवर एक जुडी पेटवली तर छतावरचा धुराचा अलार्म असा बोंबलला की शेजारची बाई धावत आली. तेव्हापासून ठरलं, उद्यापन नागपूरला करायचं. मामाच्या लग्नाला जाताना तिच्या बॅगेत साड्यांपेक्षा वातीच जास्त होत्या.

तिचे नियम मला पाठ होते. वाती आपल्या हातच्याच हव्यात, विकतच्या चालत नाहीत. मोजणीत फसवाफसवी नाही. मागणं काय आहे ते कोणाला सांगायचं नाही. आणि आकडा पुरा झाला की मिळतं. मी विचारलं होतं, ‘नक्की?’ ती म्हणाली होती, ‘नक्की. म्हणून तर पुरा करायला इतकं जड जातं.’

तर मला सेट मिळाला. एकेक करून जमवण्याजोगा, पुरा होण्याजोगा, माझ्याच वर्षाचा. तो पुरा झाला की आई येईल असं मी मागितलं, आणि कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे शनिवार मी कधी विसरले नाही. दुकानाच्या मागच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसायचो, मध्ये खोकी. मी भराभर चाळत जायची. बाबा एकेक कार्ड उजेडात धरून चारही कोपरे तपासायचे. आमचं भांडण तिथेच सुरू व्हायचं.

‘याला क्रीज आहे, मधोमध घडी,’ बाबा म्हणायचे.

‘सो व्हॉट? आपल्याकडे हा नाहीये. घ्या ना.’

‘कोपरा गेलाय बघ. चांगला मिळेल तेव्हा घेऊ.’

‘बाबा, प्लीज! जस्ट घ्या!’

‘घाई कसली आहे गं? कुठे जायचंय आपल्याला?’

मला आकडा हवा होता, त्यांना कोपरे. कुठल्या तरी पोराने शाईने मिशा काढलेलं कार्डही मला चाललं असतं. बाबांना वाटायचं की मुलगी हट्टी आहे आणि तिला चांगल्यावाईटाची पारख शिकवायला हवी. मला वाटायचं की हा माणूस मुद्दाम आईला अडवून ठेवतोय. काही शनिवार आम्ही एकही कार्ड न घेता, शर्ट घेऊन, एकमेकांशी न बोलता घरी आलो.

आणि तरीही बाबा मला आवडायचे ते त्या टेबलापाशीच, हे सांगितलं पाहिजे. ते कार्डाची मागची बाजू वाचायचे. एखादा खेळाडू दोनच वर्षं खेळलेला असायचा, तक्ता दोन ओळींत संपायचा. बाबा मालकाला विचारायचे, हा पुढे कुठे गेला? मालक खांदे उडवायचा. ‘हू नोज. घरी गेला असेल.’ बाबा तेवढ्यानेही हेलावायचे. ‘एवढ्या लांब आला, एक उन्हाळा खेळला, परत गेला,’ असं काहीतरी पुटपुटायचे. त्या कार्डाचे कोपरे गेलेले असले तरी ते घ्यायचे. माझ्या हट्टाने जे होत नव्हतं ते त्या हरलेल्या खेळाडूंमुळे व्हायचं.

संक्रांतीला मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि प्रत्येकीने तोच प्रश्न विचारला, ‘आई कधी येणार गं?’ विचारताना माझ्याकडे बघायच्या, उत्तराच्या वेळी एकमेकींकडे. मला त्या सगळ्यांचा मनस्वी संताप आला. माहीत असेल तर सांगा, नाहीतर तिळगूळ देऊन गप्प बसा, गोड बोला म्हणतात तेवढं पुरे आहे. पलीकडे काका लोक बाबांना घेरून बसले होते. कार्डांची बातमी पोहोचली होती.

‘यार, इन्व्हेस्ट करायचंय तर स्टॉक घे. हे काय पोरांचे फोटो जमवतोस?’ एक काका म्हणाले.

‘इन्व्हेस्टमेंट नाही ती,’ बाबा म्हणाले.

‘मग काय आहे?’

बाबा कागदी प्लेटमधल्या गुळाच्या पोळीकडे बघत म्हणाले, ‘ती बोलते तिथे.’

मला वाटतं, ते मी ऐकलं नाही अशी त्यांची समजूत होती.

रविवारी सकाळी आईचा फोन यायचा. लाइनमध्ये आपलाच आवाज थोड्या वेळाने परत ऐकू यायचा, म्हणून आम्ही दोघी एकदम बोलायचो आणि एकदम थांबायचो. ती विचारायची, जेवतेस ना, टोपी घालतेस ना, बर्फ किती आहे. मी विचारायची, ‘कधी येतेस?’ आधी ती महिन्याचं नाव सांगायची. मग ‘बघू’ म्हणायला लागली. मग एका रविवारी तिने प्रश्न ऐकूच न आल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘बाबांकडे दे.’ बाबा रिसीव्हर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि फक्त ‘हं, हं’ करत राहिले. दोरी ताणून ते जेवढे लांब जाऊ शकत होते तेवढे गेले होते.

मी त्या दुपारी आमची कार्डं जमिनीवर मांडली. सेट पुरा व्हायला थोडी राहिली होती. थोडीच. आता कोपरे बघत बसायला वेळ नव्हता. मी शाळेत माझा डबा विकला, म्हणजे डब्यातले बिस्किटांचे पुडे, आणि वर्गातल्या मुलांच्या मोठ्या भावांकडून कुरतडलेली, पाण्यात भिजलेली, कसलीही कार्डं आणली. ती मी बाबांना दाखवली नाही. रात्री देवाला नमस्कार करताना हात जोडले की छातीत काहीतरी घट्ट व्हायचं, आणि तीच प्रार्थना असावी असं मी समजून चालले होते. मार्च आला. बर्फ काळा पडून रस्त्याच्या कडेला ढिगांनी साचला. इतकी कुरूप गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

मग एका शनिवारी बाबा म्हणाले, ‘आज दुकानात जायचं नाही.’

मी बूट घालून तयार होते. त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. टेबलावर एक लांबट पांढरं पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यांनी झाकण काढलं. आत कार्डं, उभी, ओळीने, कोपऱ्याला कोपरा लागून. स्वच्छ.

‘तुझ्या वर्षाचा,’ बाबा म्हणाले. ‘अख्खा सेट. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने मिळाला. एकही कमी नाही, मी स्वतः सगळी तपासली. एकालाही क्रीज नाही.’

मी खोक्याकडे बघत होते.

‘एकेक सुटं कार्ड घेण्यापेक्षा स्वस्तही पडला,’ ते म्हणाले. ‘आपण उगाच इतके दिवस...’ आणि मग माझा चेहरा बघून थांबले. ‘आवडला नाही?’

ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, शनिवार असून. आणि त्यांनी सांगितलं. आईला तिच्या जुन्या कॉलेजात परत नोकरी मिळाली आहे. ती आता तिथेच राहणार. भांडण नाही, कोणाची चूक नाही, तिला इथे जगणं जमत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायचं, शाळा सुरू झाली की इकडे यायचं. ती माझी आईच राहील. हे सगळं त्यांनी पाठ करून आणलं होतं. मला कळत होतं, कारण शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

‘म्हणून तुला म्हटलं हे तरी पुरं मिळावं,’ बाबा म्हणाले.

मी ओरडले. किती महिन्यांचा आवाज साठला होता कोण जाणे. ‘मी पुरा करणार होते! मी! विकतचा चालत नाही!’

बाबा गोंधळले. ‘अगं, आपण सगळी विकतच घेत होतो की.’

‘एकेक! एकेक करून! हातानं! ते वेगळं असतं!’

आणि मग मी सगळं सांगून टाकलं, मागणं सांगायचं नसतं तेसुद्धा. आईच्या वाती, आइस्क्रीमचे डबे, नियम, आकडा. सेट पुरा झाला की ती येणार होती. थोडीच कार्डं राहिली होती. तुम्ही कोपरे बघत बसलात. आणि आता असा आणून टेबलावर ठेवलात, म्हणजे तो फुकट गेला, म्हणजे आता ती येणार नाही. हे बोलत असतानाच, मध्येच कुठेतरी, मला उमगलं की खिडकीपाशी बसून आई इतके हिवाळे काय मागत होती. तिचा आकडा पुरा झाला होता. तिला मिळालं होतं. मला नुसते हुंदके यायला लागले.

माझे बाबा देव मानत नव्हते. आईच्या वातींना ते ‘कॉटन इंडस्ट्री’ म्हणायचे. ते हसले असते तरी मला चाललं असतं, समजूत घातली असती तरी चाललं असतं. ते उठले. खोक्यात हात घालून त्यांनी मधली मूठभर कार्डं उपसली, न बघता, कोपरे दुमडले तरी पर्वा न करता. पाकिटांचे रबरबँडसुद्धा ड्रॉवरमध्ये जपून ठेवणारा माणूस. ते स्वयंपाकघरात गेले, कचऱ्याच्या डब्याचं पेडल पायाने दाबलं आणि सकाळच्या चहाच्या चोथ्यावर ती कार्डं टाकली.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘अपुरा आहे. आता तू पुरा कर. एकेक करून. मी कोपरे बघणार नाही.’

‘असं चालत नाही, बाबा.’

‘का?’

‘फसवाफसवी आहे ही. असं नाही चालत.’

ते माझ्याकडे वळले. मी त्यांना आयुष्यात कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

‘मग कसं चालतं?’ ते म्हणाले. ‘तुला येतं ना तिचं ते सगळं. मला येत नाही. तू सांग कसं करायचं. तू सांगशील तसं मी करतो.’

त्यांचा पाय अजून पेडलवर होता आणि झाकण उघडंच होतं.